बेरीज करू का वजाबाकी?

"मावशी, यात बेरीज करायची का वजाबाकी?"

हा प्रश्न मी इतक्यांदा ऐकलाय की पोराने वही उघडली की मीच मनात म्हणते, आला बघ आता. दुसरी ते पाचवीच्या मुलांना मी घरी गणित शिकवते. भाचीपासून सुरुवात झाली, मग तिच्या मैत्रिणी, मग त्यांची भावंडं असं करत करत सात-आठ जण झाले आणि सगळ्यांच्या घरून तक्रार एकच, आकडेमोड येते हो, पण शाब्दिक उदाहरणं दिली की गाडी अडते. वर हेही असतंच की "घाई फार करतो, नीट वाचतच नाही". वाचत नाही हे खरंय. पण घाईचं म्हणाल तर मला ते फारसं पटत नाही, न वाचताही काम भागतं हे त्याला कळलेलं असतं आणि ते आपणच शिकवलेलं असतं.

एकदा मुलाच्या शेजारी बसून गणिताकडे न बघता नुसतं त्याच्या पेन्सिलीकडे बघा. ती वाक्यावरून सरकत नाही, उड्या मारते. आधी ४५ वर, मग १८ वर, मग थेट शेवटी "किती उरले?" वर, झालं, ४५ वजा १८. मधे कोण होतं, काय घडलं, कशाला घडलं याच्याशी देणंघेणं नाही. आणि खरं सांगायचं तर बरीचशी उदाहरणं अशीच सुटतातही, कारण धड्याचं नावच वजाबाकी असतं, मग त्यात बेरीज कुठून येणार? मूल हुशार असतं, त्याला शॉर्टकट लगेच सापडतो.

हे किती खोलवर गेलेलं असतं त्याचा एक प्रसिद्ध किस्सा आहे. फ्रान्समधे ग्रेनोबलला गणित शिकवण्यावर संशोधन करणाऱ्या गटाने १९८० च्या आसपास लहान मुलांना एक उदाहरण दिलं, एका जहाजावर २६ मेंढ्या आणि १० शेळ्या आहेत, तर कॅप्टनचं वय किती? आता याला उत्तरच नाही. पण ९७ मुलांपैकी ७६ जणांनी दिलेल्या आकड्यांची खटपट करून कॅप्टनला वय देऊन टाकलं. मी वाचून हसले आणि दुसऱ्याच दिवशी माझ्या टोळीला तेच घातलं. चौथीतला एक जण दोन मिनिटांत म्हणाला, ३६. कसं रे काढलंस? तर म्हणे, "गुणाकार केला तर २६० येतात, एवढा म्हातारा कोण असतो? वजाबाकी केली तर १६, तो फारच लहान. म्हणून बेरीज." हसू नका, या पोराने डोकं चांगलंच चालवलंय. फक्त ते उत्तराच्या टोकाला चालवलंय, प्रश्नाच्या टोकाला नाही. शेळ्यांचा वयाशी काय संबंध हे विचारायची परवानगी गणिताच्या तासाला असते हेच त्याला माहीत नव्हतं.

आता माझी चूक कबूल करते. सुरुवातीला मी पण भिंतीवर तक्ता लावला होता. "एकूण, मिळून, सगळे" आलं की बेरीज, "उरले, दिले, हरवले, कमी" आलं की वजाबाकी, "प्रत्येकी" आलं की गुणाकार, "समान वाटले" आलं की भागाकार. मुलं खूश, आईवडील खूश, मी पण खूश. दुसरीपर्यंत तो तक्ता झकास चालला. मग एक दिवस हे आलं:

रियाकडे काही मणी होते. तिने ९ मणी मैत्रिणीला दिले. आता तिच्याकडे १४ मणी उरले. सुरुवातीला किती होते?

"दिले" आहे, "उरले" आहे, तक्त्याप्रमाणे डबल वजाबाकी. सगळ्यांनी १४ वजा ९ करून ५ लिहिले. म्हणजे रियाकडे आधी ५ मणी होते, त्यातले तिने ९ दिले आणि वर १४ उरले! एकालाही त्यात काही खटकलं नाही. तसंच "वर्गात एकूण ३२ मुलं, त्यातल्या १९ मुली, तर मुलगे किती?" यात "एकूण" बघून ५१. त्या रात्री मी तक्ता काढून टाकला. शब्द पकडून गणित करणं म्हणजे एखाद्याच्या बोलण्यातला एकच शब्द ऐकून भांडायला उठण्यासारखं आहे.

मग शब्द पकडायचा नाही तर पकडायचं काय? गोष्ट. प्रत्येक शाब्दिक उदाहरण ही दोन-तीन वाक्यांची गोष्ट असते आणि बेरीज-वजाबाकीच्या गोष्टी मोजक्याच प्रकारच्या असतात. १९८० च्या दशकात या विषयावर भरपूर काम झालं आणि त्यातून जी विभागणी आली ती मला अजूनही सगळ्यात कामाची वाटते. पहिली बदलाची गोष्ट, म्हणजे आधी इतके होते, काहीतरी घडलं, आता इतके झाले. दुसरी गटांची गोष्ट, म्हणजे घडत काहीच नाही, लाल चेंडू आणि निळे चेंडू मिळून एक ढीग असतो, बस. तिसरी तुलनेची, हिच्याकडे इतके, त्याच्याकडे इतके, फरक किती. ही नावं मुलांना पाठ करायला लावू नका हं, ती आपल्यासाठी आहेत. मुलाला फक्त विचारायचं, "गोष्टीत काही घडलं का? काय माहीत आहे आणि कुठली जागा रिकामी आहे?" कारण गोष्ट तीच राहते आणि रिकामी जागा सरकली की उदाहरण सोपं किंवा अवघड होतं. शेवट रिकामा असेल तर पहिलीतलं मूलही सोडवतं, सुरुवात रिकामी असेल (रियाचे मणी) तर चौथीतलंही गडबडतं, कारण मुलाला गोष्ट पुढे चालवायची सवय असते आणि इथे ती उलटी चालवावी लागते, रिया मणी परत घेते असं. हातात खरे मणी देऊन ९ परत घ्यायला लावलं की हे एका मिनिटात कळतं. सांगून मात्र तासभर कळत नाही.

तिन्हीत सगळ्यात चिवट म्हणजे तुलना. १९८३ मधे प्रसिद्ध झालेला हडसन यांचा एक प्रयोग आहे, चित्रात काही पक्षी आणि त्यांच्याहून कमी अळ्या. "अळ्यांपेक्षा पक्षी कितीने जास्त?" असं विचारलं तर पहिलीतल्या बऱ्याच मुलांना जमलं नाही. तेच चित्र ठेवून विचारलं, "सगळे पक्षी अळी पकडायला धावले तर किती पक्ष्यांना अळी मिळणार नाही?", तर पहिलीतल्या सगळ्यांना जमलं. सगळ्यांना! चित्र तेच, आकडे तेच, गणित तेच, फक्त वाक्य बदललं. म्हणजे मुलाला वजाबाकी येत होतीच, "कितीने जास्त" या शब्दांचं कुलूप उघडत नव्हतं.

आणि इथे आपल्या मराठीकडे जरा बारकाईने बघायला हवं, कारण आपण मोठी माणसं हे शब्द इतके सहज वापरतो की त्यातली खाच आपल्याला दिसतच नाही. "अजून" घ्या. "सईकडे ८ पेन्सिली होत्या, तिला अजून ५ मिळाल्या" यात अजून म्हणजे आणखी. "सईकडे ८ पेन्सिली होत्या, अजून ५ आहेत" यात अजून म्हणजे अद्याप, ३ गेल्या कुठेतरी. शब्द एकच, एकात बेरीज आणि दुसऱ्यात वजाबाकी. "दोघांना बारा गोट्या दिल्या" आणि "दोघांना बारा-बारा गोट्या दिल्या", नुसता शब्द दोनदा आला आणि १२ च्या २४ झाल्या, "प्रत्येकी" कुठे म्हटलंही नाही. "तीनने जास्त" आणि "तिप्पट" मधे तर मुलं कायम घसरतात, ५ पेक्षा ३ ने जास्त म्हणजे ८ आणि ५ ची तिप्पट म्हणजे १५, कानाला दोन्हीकडे तीन आणि "वाढलं" एवढंच ऐकू येतं. तो एवढासा "ने" केवढं काम करतो बघा. माझा तर सल्ला आहे की आठवड्यातला एक दिवस गणित सोडवूच नका, नुसती अशी वाक्यं मोठ्याने म्हणा आणि गोट्या मांडून दाखवायला सांगा. मुलांना ते खेळासारखं वाटतं.

"ती" आणि "तो" हे पण असेच चोर आहेत. मागच्या महिन्यात तिसरीतली एक मुलगी माझ्यासमोर बसून हे करत होती: निळी दोरी ३५ सेमी लांब आहे. ती लाल दोरीपेक्षा १२ सेमीने जास्त लांब आहे. लाल दोरी किती लांब? तिने पटकन ४७ लिहिलं. मी चूक-बरोबर काहीच बोलले नाही, विचारलं, "लांब दोरी कुठली?"

"लाल."

"वाच बरं परत, मोठ्याने."

वाचलं. "ती लाल दोरीपेक्षा..." आणि थांबली. "ती म्हणजे कोण?"

"मला काय विचारतेस, वरच्या वाक्यात बघ."

वर बोट गेलं. "ती म्हणजे निळी... अय्या, मग निळीच मोठी!"

मग तिला दोन पट्ट्या काढायला सांगितल्या, एकाखाली एक, डावीकडची टोकं जुळवून. वरची निळी, तिच्यावर ३५ लिहिलं. खाली लाल काढताना तिचा हात जरा घुटमळला आणि मग तिने ती आखूड काढली, आणि जो तुकडा कमी पडत होता तिथे तुटक रेघा मारून १२ लिहिलं. त्यानंतर बेरीज का वजाबाकी हे तिने विचारलंच नाही. २३ लिहून मोकळी झाली.

ही चूक लहान मुलांचीच असते असं समजू नका. १९८७ मधे लुईस आणि मेयर यांनी कॉलेजच्या विद्यार्थ्यांना अशी उलट्या भाषेची उदाहरणं दिली तर तिथेही चुका वाढलेल्या दिसल्या. वाक्यात "जास्त" असताना वजाबाकी करावी लागते तेव्हा डोकं अडखळतंच, वय काही असो. म्हणून पट्ट्या. सिंगापूरने १९८० च्या दशकात प्राथमिक गणितात पट्ट्यांचं चित्र सगळीकडे आणलं आणि ते पुढे जगभर पसरलं. त्यामागचा क्रम साधा आहे, आधी हातात वस्तू, मग कागदावर चित्र, मग आकडे. आपल्याकडे होतं काय की पहिली पायरी पहिलीत संपते, दुसरी पायरी नसतेच आणि मूल थेट तिसरीवर आपटतं. चित्र म्हटल्यावर काही मुलं खरंच दोरीला गाठी आणि मुलीला वेण्या काढत बसतात, त्यांना प्रेमाने सांगायचं की सुंदर नको, खरं हवं. आयताची पट्टी पुरे.

पट्टी काढायच्या आधी एक पायरी आहे आणि मला विचाराल तर सगळ्यात जास्त फरक तिनेच पडतो: आकडे झाका. अक्षरशः बोटाने झाका किंवा उदाहरण वाचताना आकड्याच्या जागी "काही" म्हणा. "एका पुस्तकाला काही पानं आहेत, मिहीरने काही वाचली, किती राहिली?" आता मुलाला पकडायला आकडेच नाहीत, मग नाइलाजाने गोष्ट ऐकावी लागते. डोळे मिटून गोष्ट स्वतःच्या शब्दांत सांगायची, मग विचारायचं उत्तर मोठं येईल का लहान, आणि मगच आकडे दाखवायचे. पहिले चार दिवस मुलं वैतागतात, आकडे दे ना मावशी म्हणून मागे लागतात. लागू देत.

आकडे मोठे असले की चांगलं मूलही गांगरतं. ३७५ पानं आणि १८८ वाचली म्हटलं की घाबरगुंडी. तेव्हा तेच उदाहरण १० पानं आणि ४ वाचली असं करून विचारा, काय केलंस? वजा केले. मग इथेही तेच कर. ही युक्ती अपूर्णांकाच्या उदाहरणांना तर फारच लागू पडते.

गुणाकाराबद्दल फार सांगत नाही, समान गट आहेत का एवढं दिसलं की तो सुटतो. भागाकारात मात्र दोन वेगळ्या गोष्टी एकाच चिन्हात लपलेल्या असतात. २४ पेन्सिली ६ मुलांना सारख्या वाटल्या, प्रत्येकाला किती? ही वाटणी. २४ पेन्सिली आहेत, एका डबीत ६ मावतात, डब्या किती? हे गट पाडणं. कागदावर दोन्ही २४ भागिले ६, पण हात वेगवेगळे चालतात, एकात आपण एकेक पेन्सिल प्रत्येकापुढे ठेवत जातो, दुसऱ्यात सहा-सहा उचलत जातो. मुलाला वाटणीच माहीत असते, म्हणून डब्यांचं उदाहरण आलं की "यात वाटलंय कुठे?" म्हणून ते बसून राहतं.

आणि बाकी! अमेरिकेत १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला १३ वर्षांच्या मुलांना देशपातळीवरच्या चाचणीत विचारलं, एका बसमधे ३६ सैनिक बसतात, ११२८ सैनिकांना न्यायचंय, किती बस लागतील? भागाकार साधारण ७० टक्के मुलांनी बरोबर केला. पण ३२ बस हे उत्तर फक्त २३ टक्क्यांनी दिलं, आणि २९ टक्क्यांनी लिहिलं "३१ बाकी १२". म्हणजे बाकीचे बारा सैनिक रस्त्यावर उभे, आणि बस सुटली. मी हे मुलांना असं देते की एकाच भागाकारावर तीन प्रश्न, पूर्ण भरलेल्या बस किती, सगळ्यांना न्यायला किती लागतील, शेवटच्या बसमधे किती जण. ३१, ३२ आणि १२. एकाच गणिताची तीन उत्तरं येतात हे बघून मुलांचे चेहरे बघण्यासारखे होतात.

यावरून ताळ्याकडे येते. ताळा म्हणजे आपण काय समजतो, वजाबाकीचा ताळा बेरीज करून. ठीक आहे, पण तो आकड्यांचा ताळा झाला. गोष्टीचा ताळा वेगळा, आलेलं उत्तर परत गोष्टीत ठेवून ती पहिल्यापासून सांगायची. "रियाकडे ५ मणी होते, त्यातले तिने ९ दिले" इथपर्यंत आलं की मूल स्वतःच ओरडतं, कसे देईल? जॉर्ज पोल्या नावाच्या गणितज्ञाने १९४५ मधे उदाहरण सोडवायच्या चार पायऱ्या सांगितल्या होत्या, समजून घ्या, बेत आखा, करा आणि मागे वळून बघा. आपण बहुतेक वेळा तिसऱ्या पायरीवरच घर बांधतो. बाकी काही नाही तरी उत्तर नुसतं "२३" न लिहिता "लाल दोरी २३ सेमी लांब आहे" असं पूर्ण वाक्य लिहायची सवय लावा, ते वाक्य लिहिताना निम्म्या चुका हाताला टोचतात.

दोन पायऱ्यांच्या उदाहरणात एक प्रश्न न विचारता लपवलेला असतो. कपाटात ५ कप्पे, प्रत्येक कप्प्यात १२ पुस्तकं, १७ पुस्तकं मुलांनी वाचायला नेली, कपाटात किती राहिली? इथे आधी किती पुस्तकं होती हे कुणी विचारलेलंच नाही. मी शेवटचा प्रश्न झाकते आणि म्हणते, एवढ्या माहितीतून तुम्हीच काय काय विचारू शकता? कुणीतरी विचारतंच की सगळी मिळून किती पुस्तकं होती, आणि लपलेली पायरी आपोआप बाहेर येते. ६० आणि मग ४३.

आपल्या चुकाही थोड्या सांगते, मी सगळ्या केल्यात. उदाहरण वाचून दाखवताना "उरले" वर जोर देणं, म्हणजे उत्तरच सांगणं. चुकलं की लगेच "नीट वाच" म्हणणं, त्या पोराला नीट म्हणजे काय तेच माहीत नसतं. आणि एका बैठकीत पंधरा उदाहरणं. दोनच द्या, पण त्यातलं एक असं द्या ज्यात नको असलेला आकडा घुसवलाय किंवा हवा असलेला गायब आहे, आणि "हे सुटणार नाही" हे उत्तर दिलं तर शाबासकी द्या.

शेवटी मुलांना उलटं काम देते. १५ वजा ६ बरोबर ९, यावर गोष्ट लिहा. पहिल्यांदा दिलं तेव्हा सगळ्यांच्या वहीत १५ फुगे होते आणि ६ फुटले होते, किंवा १५ खडू होते आणि ६ हरवले होते. वजाबाकी म्हणजे नुकसान, एवढंच त्यांच्या डोक्यात बसलेलं. मग मी अट घातली, काही फुटायचं नाही, हरवायचं नाही, कुणाला द्यायचंही नाही. बराच वेळ शांतता. दोरीवाली मुलगी पेन्सिल चावत बसली होती, मग तिने लिहायला घेतलं आणि वही माझ्यापुढे सरकवली:

माझा दादा १५ वर्षांचा आहे. तो माझ्यापेक्षा ६ वर्षांनी मोठा आहे. तर मी किती वर्षांची?

शेजारचा कॅप्टनवाला तिच्या वहीत डोकावून म्हणाला, "यात मोठा लिहिलंय, म्हणजे बेरीज." तिने त्याच्याकडे असं बघितलं, "अरे, मी तुझ्यासमोर बसलेय ना?"